डांबर सुटलं की चावी जमा

राजेश्वरीच्या गाडीचं स्टिअरिंग सोमवारपासून डावीकडे मान टाकून बसलं होतं. गाडी जायची नाकासमोर सरळ. पण तिनं सरळ जावं म्हणून स्टिअरिंग मात्र तिरकं धरावं लागायचं.

कारण राजेश्वरीला पक्कं ठाऊक होतं. सोमवारी दहा महिन्यांच्या चिमीचा डोस होता. कर्जतच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली आडवी झालेली आणि दवाखाना दुपारी एकला बंद होणार. तिनं गाडी खाली पाणंदीत घातली. पाणंद म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवत आणि गवतात दगड. धप्प झालं. मागच्या बाळखुर्चीतली चिमी खदखदून हसली. डोस मिळाला, पण स्टिअरिंग वाकडं झालं.

आणि सासऱ्यांची अट एकच होती. नवरा कल्याण राहुरीला नोकरीला. तो शनिवारी यायचा. गाडी वस्तीवर ठेवली होती ती चिमीसाठी. चावी सुनेच्या हातात देताना श्रीमंतमामा म्हणाले होते, "डांबर सुटलं की चावी जमा. वावरात जायाला टॅक्टर हाय." वस्तीपासून कर्जत अकरा किलोमीटर. चावी गेली आणि चिमीला ताप आला तर? हा हिशेब राजेश्वरी दिवसातून चारदा मांडायची, ताप नसतानाही.

म्हणून तिनं आल्याआल्या गाडी धुतली.

"सण न्हाई, वार न्हाई, गाडीला आंघूळ कशापायी?" सासूबाईंनी, म्हणजे बायडाआत्यांनी विचारलं.

"चिमीनं उलटी केली, आत्या."

"टायरावर?"

राजेश्वरी पाण्याची बादली उचलून आत गेली.

माती धुता आली, स्टिअरिंग धुता येईना. मग तिनं युक्ती काढली. गाडी उभी करताना चाकंच जराशी उजवीकडे वळवून ठेवायची, म्हणजे स्टिअरिंग सरळ दिसतं. विहिरीजवळच्या छपरात गाडी तशी लावून ती निवांत झोपली.

सकाळी बघते तर चाकं सरळ आणि स्टिअरिंग पुन्हा तिरकं! बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. रोज चिमीला मागे बसवून डांबरावर एक फेरी मारून बघावी, तर तिरकेपणा तसाच. दुखणं आपोआप वाढतंय, अशी तिची खात्री झाली. तिनं न्हाणीच्या मागं जाऊन कर्जतच्या भीमा मिस्त्रीला फोन लावला.

"हात सोडल्यावर गाडी एकीकडं वढती का?" भीमानं विचारलं.

"नाही. सरळच जाते. फक्त स्टिअरिंग तिरकं."

"मंग चाकाचा रॉड वाकलाय. अलाइनमेंट करावी लागंल. वावरात घातली हुती का?"

"नाही!"

"दगडावर?"

"भीमाभाऊ, गाडी उभ्या उभ्या रात्रीत आपोआप वळते का?"

"वहिनी, गाडी घिऊन या," भीमा हळूच म्हणाला. "आन् झोप घ्या."

कर्जतला जायचं, पण काय सांगून? उत्तर शुक्रवारी सकाळी आत्यांनीच दिलं.

"राजे, पोरगी मान वाकडी धरती गं!"

चिमी अंगणात बसली होती आणि तिची मान डाव्या खांद्याकडे झुकलेली होती. राजेश्वरीनं दोन्ही हातांनी ती सरळ केली. हात काढला की मान पुन्हा डावीकडे. दगडावरचा तो धप्प! म्हणजे रॉड एकट्या गाडीचाच वाकला नव्हता! आत्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या, चिमीनं टाळ्या वाजवल्या. पण मान तिरकीच.

"दवाखान्यात चला," राजेश्वरी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मी बी येतो," मामा उठले.

झालं! आता मामांच्या डोळ्यांदेखत अकरा किलोमीटर तिरकं स्टिअरिंग धरायचं. मामा पुढंच बसले, आत्या मागे चिमीजवळ. राजेश्वरी देवाचं नाव घेत निघाली. पण मामांनी स्टिअरिंगकडे एकदाही पाहिलं नाही. ते सगळी वाट खिडकीबाहेर बघत होते, जन्मात ज्वारी पाहिली नसावी तसे.

रुपाली डॉक्टरांनी चिमीची मान वळवून पाहिली, खुळखुळा हलवून पाहिला. मग त्या राजेश्वरीकडे बघत राहिल्या.

"आधी तुम्ही मान सरळ करा."

"माझी सरळच आहे."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं. आरशातली राजेश्वरी डाव्या खांद्याला कान लावून उभी होती. पाच दिवस तिरक्या स्टिअरिंगबरोबर मानही तिरकी करून ती गाडी हाकत होती. तिनं मान सरळ केली. आत्यांच्या मांडीवरच्या चिमीनं आईकडे पाहिलं आणि स्वतःचीही केली.

"बाळाला काही झालेलं नाही. नकला करतंय," डॉक्टर हसल्या. "घरात अजून कुणी असं करतं?"

"न्हाई बया," म्हणत आत्या वळल्या आणि थांबल्या. दाराशी श्रीमंतमामा उभे होते. त्यांचा डावा कान जवळजवळ खांद्याला टेकला होता.

"अवो," आत्या म्हणाल्या, "तुमच्या मानंला काय झालं?"

मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "दोन आठवडं झालं," ते पुटपुटले. "पहाटं विहिरीवरची मोटार चालू केली की गाडीचा आवाज येत न्हाई. दुसरी चावी हुतीच माझ्यापाशी. कापल्याल्या ज्वारीच्या रानात शिकत हुतो. सोमवारी बांधावर चढली. मंगळवारी बघतो तर स्टेरिंग तिरकं."

"म्हणजे रोज सकाळी स्टिअरिंग तुम्ही…" राजेश्वरी तिथल्या खुर्चीत बसलीच.

"डांबर सोडून गाडी न्हायची न्हाई, आसं कोन म्हनलं हुतं?" आत्यांनी विचारलं.

"सोडायला आदी डांबरावर चढावं लागतंय. मी चढलोच न्हाई." मग ते चिमीकडे बघत म्हणाले, "पोरीला ताप आला आन् सून बी आजारी आसली तर? सुनंला कसं म्हनू, मला शिकीव म्हनून?"

तिथून सगळे भीमाच्या गॅरेजात गेले. भीमानं गाडी वर उचलली. एका चाकातून त्यानं ज्वारीची धसकटं काढली, पण डाव्या चाकाशी येऊन बोट दाखवलं. "रॉड हितं वाकलाय. ह्यो बांध न्हवं. ह्यो दगूड हाय. पाणंदीतला."

मामांची मान आपसूक सरळ झाली. सगळे राजेश्वरीकडे बघू लागले. तिनं ट्रॉलीपासून बादलीपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि अलाइनमेंट झाल्यावर चावी मामांपुढे धरली.

मामांनी ती घेतली नाही. "आदी घरी तर चल."

परत निघताना स्टिअरिंग अगदी सरळ होतं. राजेश्वरी आनंदानं बसली आणि पाच दिवसांच्या सवयीनं तिनं ते डावीकडे तिरकं धरलं. गाडी पन्नास पावलं गेली असेल नसेल, तोच डांबर सोडून धाडकन कडेच्या मुरुमावर उतरली आणि धुरळ्यात उभी राहिली.

चिमी तेवढी हसत होती.

"उतरली," मागून आत्या म्हणाल्या. "डांबर सुटलं. मी बगितलंय."

राजेश्वरीनं मुकाट्यानं चावी काढली.

मामा खिडकीतून खाली वाकले. चाकाखालचा मुरूम त्यांनी नीट निरखला, मग पलीकडचं डांबर निरखलं.

"गप गं," ते आत्यांना म्हणाले. "मुरूम बी डांबरातच धरत्यात." आणि सुनेकडे वळून हळूच म्हणाले, "लाव चावी. आन् ही माघारी कशी घ्यायची ती दाव मला. तेवढंच राहिलंय माझं."