गुल्हाने कंडक्टरांची दुपारची पाळी

गुल्हाने कंडक्टर कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यात थांबतात. खिशातलं बॉलपेन काढून ते एकेका माणसाकडे रोखतात, ओठ हलवत मोजतात, शेवटचा आकडा मोठ्याने म्हणतात आणि मगच चपला काढतात. लग्नाचा मांडव असो की न्हाव्याचं दुकान, त्यात फरक नाही. एस.टी.तून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण माणसं मोजल्याशिवाय त्यांना बसवत नाही. एकदा गल्लीतल्या एका मयतीला त्यांनी अशीच मोजदाद केली, तेव्हा कुणीतरी हळूच विचारलं, "झोपलेला धरला काय?" गुल्हाने गंभीरपणे म्हणाले, "त्याचं ठेशन आलं. तो उतरला."

आता थोडं माझ्याविषयी. मी दारव्ह्याला शाळेत विज्ञान शिकवतो. तीस वर्षं मी पोरांना भूत नसतं असं सांगत आलो आहे, आणि अंगात येणाऱ्यांची भर वर्गात टर उडवत आलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहिताना माझी काय पंचाईत होते आहे ते लक्षात येईल.

एप्रिलमध्ये उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलायला मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. शिपायाला वाटलं, सर काहीतरी शोधताहेत, म्हणून तोही माझ्याबरोबर शोधायला लागला. पुढे यवतमाळला नेलं, कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टा, वॉकर आणि नियमांची यादी घेऊन मी घरी आलो. वाकायचं नाही, वळायचं नाही, दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही. रोज थोडं थोडं चालायचं आणि उरलेला वेळ आडवं राहायचं. कूस बदलायची तर मान, खांदे, कंबर सगळं एकदम, ओंडका लोटावा तसं. त्यामुळे उताणं पडलं की मला छत दिसायचं, पंखा दिसायचा आणि पायाशी कुणी उभं असेल तर ते दिसायचं. डोक्यामागचा कोपरा तेवढा दिसायचा नाही.

बायको सुनंदा तहसील कचेरीत नोकरीला. ती दहाला जायची ती सहाला यायची. मग मित्रांनी पाळ्या लावल्या. आमच्या शाळेतले राठोड सर तांड्यावरून मोटारसायकलने यायचे, दही आणायचे आणि मला वॉकर देऊन अंगणापर्यंत हाकलायचे. औषधांच्या दुकानवाला मेश्राम सकाळी इंजेक्शन टोचून पेपर वाचून दाखवायचा, मधूनमधून स्वतःची मतं घालून. राठोड सरांनी शाळेच्या वेळापत्रकासारखा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. त्यात बारा ते चारचा रकाना कोरा होता. मे महिन्यात आमच्याकडे त्या वेळात कुत्रंसुद्धा नालीबाहेर निघत नाही, तर माणूस कशाला निघेल? समोरच्या घरातल्या गुल्हान्यांनी तो तक्ता वाचला, बॉलपेन काढलं आणि कोऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. "दुपार माही," ते म्हणाले.

पहिल्या दुपारी ते उंबऱ्यात थांबले. खोलीत मी एकटा. त्यांनी माझ्याकडे पेन रोखलं, मग माझ्या डोक्यामागच्या कोपऱ्याकडे रोखलं आणि म्हणाले, "दोन." मला वाटलं, स्वतःला धरलं असेल.

त्या कोपऱ्यात आमची एक वेताची खुर्ची असते आणि शेजारी एक प्लास्टिकची. कूलरचा सगळा वारा तिथे. गुल्हाने मात्र माझ्या पायाशी लोखंडी स्टूल घेऊन घाम पुसत बसले. वेताच्या खुर्चीत बसा म्हटलं तर म्हणाले, "ते सीट रिझर्व्ह हाय." कंडक्टरचा विनोद म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

तीनच्या सुमाराला गल्ली अगदी निपचित झाली. कूलरची घरघर तेवढी चालू होती. गुल्हान्यांनी एकदम कोपऱ्याकडे पाहून मान हलवली, "बरं बरं" म्हणाले, उठले आणि माझ्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. मी काही मागितलं नव्हतं. मी तसं म्हणणार, एवढ्यात कमरेतून एक कळ निघाली आणि मांडी, पोटरी करत थेट अंगठ्यात गेली. उशी नसती तर मी ओरडलोच असतो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आधी उशी, मग कळ.

कुणाशी बोलता, असं मी विचारलं. "थे सांगते ना," ते म्हणाले, पाणी आलं का विचारल्यावर सांगावं इतक्या सहज.

आमच्या वऱ्हाडीत 'थे' म्हणजे ती. आणि गुल्हान्यांच्या तोंडी ती एकच. त्यांची बायको, कमलवहिनी. दोन वर्षं पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळून, कंडक्टरांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्या गेल्या.

मी विज्ञानाचा मास्तर. संध्याकाळपर्यंत मी याचा उलगडा केला आणि सुनंदाला समजावूनही सांगितला. वहिनींचं दुखणं आणि माझं दुखणं एकाच जातीचं. ते कधी उठतं, कुठून कुठे जातं, हे या माणसाने दोन वर्षं पाहिलं आहे. सवयीने हात उशीकडे जातो. बाकी सगळे मनाचे खेळ. सुनंदा पोळ्या लाटत होती. ती लाटणं थांबवून म्हणाली, "गुल्हानेभाऊ कुठे घरी असायचे? सकाळची गाडी घेऊन जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. वहिनी दिवसभर एकट्या असायच्या. सुट्टीच्या दिवशी मीच डबा द्यायला जायचे. तीन वाजता काय होतं ते भाऊंनी कधी पाहिलं असणार?" माझा उलगडा तिथेच बसला.

राहिला आकडा. तो तरी सोडवावा म्हणून मी गुल्हान्यांना विचारलं की मोजताना तुम्ही स्वतःला धरता ना. त्यांना राग आला. "कंडक्टर सोताले मोजत नसते, मास्तर. नोकरीत एक दिवस मोजलं नाही, आता कायले मोजू?" मग दुसरं कोण, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात डोक्यामागे वेत करकरला. गुल्हाने तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्टुलावर बसून कैरी किसत होते.

मेश्राम आमच्यातला पक्का नास्तिक. बुवाबाजीवर बोलायला उभा राहिला की मंडपवाला कंटाळतो. तो एकदा दुपारी औषध द्यायला आला आणि सरळ वेताच्या खुर्चीत जाऊन बसला. गुल्हाने अवघडून म्हणाले, "मेश्रामभाऊ, जरा सरका ना जी." मेश्राम त्याआधीच उठला होता. माझ्याजवळ वाकून बारीक आवाजात म्हणाला, "सर, कोणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं हो." त्यानंतर औषधं सकाळीच यायला लागली.

मग मीही एक उद्योग केला. गुल्हाने चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा वॉकर धरून उठलो आणि कोपऱ्यापर्यंत गेलो. खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची. प्लास्टिकच्या खुर्चीवर हात ठेवला, कूलरच्या वाऱ्याने गार होती. वेताच्या खुर्चीवर ठेवला आणि लगेच काढला. ती कोमट होती, कुणीतरी नुकतंच उठून जागा दिल्यासारखी. गुल्हाने तीन कप घेऊन आले. तिसरा कप नेहमीप्रमाणे कोपऱ्यात गार झाला आणि नेहमीप्रमाणे शेवटी त्यांनीच पिऊन टाकला. "थे फुंकून पेत नाही, मंग राहून जाते," एवढंच म्हणाले.

या सगळ्यात भीती वाटायची का? वाटायची. पण दुपार छान जायची, हेही खरं. मोजण्याचा त्यांचा सोस इतका टोकाला कसा गेला, तेही त्यांनी अशाच एका दुपारी सांगितलं. वहिनी एकदा बाभुळगावहून त्यांच्याच गाडीने येत होत्या. वाटेत एका स्टँडवर गाडी थांबली तशी नवऱ्यासाठी आणि ड्रायव्हरसाठी भजी घ्यायला त्या उतरल्या. तेवढ्यात एक पागोटेवाला चढून त्यांच्या जागी बसला. गुल्हान्यांनी माणसं मोजली, तिकिटांशी ताळा बसला आणि त्यांनी घंटी दिली. यवतमाळ आल्यावर भूक लागली, तेव्हा त्यांना बायको आठवली. "आकडा बराबर होता, मास्तर," ते म्हणाले, "माणूस चुकलं." वहिनी मागच्या गाडीने आल्या. गार झालेली भजी नवऱ्यापुढे ठेवली आणि पुढचे पंधरा दिवस बोलल्या नाहीत. हे सांगताना ते कोपऱ्याकडे पाहून ओशाळल्यासारखे हसले, आणि मला वाटलं, तिथूनही काहीतरी उत्तर आलं असावं, कारण ते म्हणाले, "हो, सतरा दिवस. सतरा."

जूनच्या मध्यापासून मी सुधारायला लागलो. अंगठ्यातली कळ आठवड्यातून एकदा, मग तीही नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता चाला, पडून राहाल तर पायातली ताकद जाईल. शाळा उघडायला दहा दिवस होते आणि मला काहीही करून त्या दिवशी फळ्यापुढे उभं राहायचं होतं. राठोड सर खूष, मेश्राम खूष. गुल्हाने मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. "घाई कायले करून राह्यले? अजून आठ रोज पडा," असं दर दुपारी म्हणायचे. मी फाटकापर्यंत एकटा जाऊन आलो तर टाळ्या राहिल्या बाजूला, हा माणूस तोंड फिरवून बसला.

मग एके दिवशी वॉकर गायब झाला. राठोड सरांनी घर पालथं घातलं. शेवटी तो पलंगाखाली अगदी भिंतीला टेकून घडी केलेला सापडला, वाकायची मनाई असलेल्या माणसाच्या हाती लागणार नाही असा. सुनंदा त्या संध्याकाळी स्पष्टच बोलली. "तुम्ही उठलेलं त्यांना नको आहे. आणि त्यांनाच नको आहे की आणखी कुणाला, ते मला माहीत नाही." ती कधी असं बोलत नाही. कमलवहिनी दोन वर्षं अंथरुणात एकट्याच पडलेल्या, त्यांना सोबत हवी असेल तर? तीस वर्षांचं माझं विज्ञान त्या विचारापुढे टिकलं नाही. मी ठरवलं, शाळेच्या आदल्या दुपारी गुल्हान्यांना समोर बसवून विचारायचंच.

त्या दुपारी मी पट्टा बांधून खोलीच्या मधोमध उभा राहिलो. गुल्हाने उंबऱ्यात आले. पेन माझ्यावर रोखलं, मग कोपऱ्याकडे नेलं. तिथे ते पेन बराच वेळ तसंच राहिलं.

"एक," ते म्हणाले, आणि चपला न काढताच आत येऊन स्टुलावर बसले.

मी विचारण्याआधी त्यांनीच सांगितलं. वॉकर त्यांनीच लपवला होता. मी चालायला लागलो तशी ती कमी बोलायला लागली. आठ दिवसांपासून नुसती बसून राहायची. काल चहाही सांगितला नाही. "पाच वर्षं घरी कवाच आली नाही, मास्तर. किती हाका मारल्या. इथं तुमच्यासाठी आली. तुमचं दुखणं सरलं, तिचं काम सरलं." मग खाली पाहत म्हणाले, "तुमचं वाईट नव्हतो पाहून राह्यलो. आठच रोज पायजे होते."

मला माझी लाज वाटली. इतके दिवस मी त्या खुर्चीला भीत होतो, आणि माझ्यासमोर बसलेल्या या म्हाताऱ्याची दुपार कशी जाते, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसलो, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं कोपरावर भार देऊन दोन्ही पाय एकदम वर घेतले आणि उताणा झालो.

"भाऊ," मी म्हटलं, "दुखते हो आज."

गुल्हान्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. आयुष्यभर तोंडं वाचलेला माणूस तो. "मास्तर, अर्ध्या तिकिटासाठी लोकं पोराचं वय चोरत. तसंच तोंड हाय तुमचं," ते म्हणाले.

मग ते उठले, उंबऱ्यात जाऊन चपला काढून आले, उशी उचलली, माझ्या गुडघ्यांखाली सरकवली आणि दोन्ही बाजूंनी दाबून नीट बसवली. हात उशीवरच राहिले.

"थे रोज उशी मांगे," ते म्हणाले. "मी म्हणो, ड्युटीवरून आलो का देतो."

शाळा उद्या होती. मी चार वाजेपर्यंत तसाच पडून राहिलो.