ग्रीकांचा ‘रे’

अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार मिटलं की दामलेकाका हमखास म्हणतात, “म्हण बघू, रे.”

“रे,” मी म्हणतो.

“मराठी नको. ग्रीक! जीभ टाळूला टेकवली की लगेच सोड. आपला रे लांबतो, त्यांचा आखूड.”

तिसऱ्या मजल्यापर्यंत माझी शिकवणी चालते.

काका मुलाकडे राहायला आले आणि कोपऱ्यावरच्या यानीस नावाच्या ग्रीकाच्या डायनरमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा यानीस आचाऱ्याला हाक मारत होता, “एला, रे!” काका गर्रकन वळले. परमुलखात आपल्याला ‘रे’ म्हणणारं कोण? एला म्हणजे ये, आणि रे म्हणजे आपला रे! ग्रीकांनी तो आपल्याकडूनच उचलला, असं काकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. यानीस म्हणाला, छे, तो ‘मोरे’ या शब्दाचं शेपूट आहे. मोरे म्हणजे जुन्या ग्रीकमध्ये मूर्खा. आता दोस्तांमध्ये चालतं.

“मग आमच्या कॉलेजातल्या मोरेसरांनी तोंड कुठे लपवायचं?” काकांनी विचारलं. तेव्हापासून रोज जुंपते.

जानेवारीत एका सकाळी त्यांच्या मुलाचा, निखिलचा, ऑफिसातून फोन आला. “बाबा फोन उचलत नाहीयेत यार. जरा बघतोस?”

घराला कुलूप. रस्त्यावर बर्फ गोठून काच झालेला. मी मीटिंग सोडून गाडी काढली, बसस्टॉप पाहिला, लायब्ररी पाहिली, बर्फाचे ढीगसुद्धा पाहिले. अशा बर्फात काका भांडायला जाणार नाहीत असं वाटत होतं, तरी शेवटी डायनरमध्ये शिरलो, तर काका ॲप्रन बांधून बटाटे सोलत होते.

“रे वासांत, किती जाड सोलतोस!” यानीस वसंतचं वासांत करत ओरडला.

“तू गप रे!”

माझ्या जिवात जीव आला. लगोलग रागही आला.

“काका, फोन कुठाय?”

“घरी. चार्जिंगला.”

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, “एवढ्या बर्फात त्याच्याशी भांडायला यायचं?”

काका हातमोज्याची बोटं ओढत बसले. मग म्हणाले, “माझी ताई दिवाळीनंतर गेली. ‘काय रे वसंता’ म्हणणारं तेवढंच माणूस उरलं होतं. तुम्ही सगळे काका म्हणता, सून बाबा म्हणते. चांगलंच आहे ते. हा यानीस मूर्खा म्हणतो. पण नाव घेऊन म्हणतो.”

मी निखिलला फोन लावला. “सापडले. एकदम ठणठणीत.”

“हुश्श! होते कुठे?”

“मित्राकडे,” मी म्हणालो.

काकांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.