थेम्सच्या बर्फाशेजारचं घर

इंग्रज मोरघाट सोडून गेले तेव्हा पियानो, घड्याळं, कुत्री सगळं घेऊन गेले. त्यांच्या इतिहासातल्या तारखांची हवा मात्र बंगल्यांच्या आवारात मागे राहिली. एका घराला एक तारीख. ती आली, की त्या दिवशी विलायतेत जशी हवा होती तशी त्या आवारात पडते, कुंपणापाशी थांबते आणि दिवस सरला की निघून जाते. कोपऱ्यावरच्या सबनिसांकडे लंडनच्या मोठ्या आगीची तारीख आहे. सप्टेंबरात सगळ्या गावाला बुरशी आलेली असते, तेव्हा त्यांच्या अंगणात पूर्वेचा कोरडा वारा सुटतो आणि अख्खी आळी त्यांच्याकडे गोधड्या वाळवून घेते.

टिपणीस बंधूंनी बापाचा जोडबंगला मधोमध चिऱ्याची भिंत घालून वाटून घेतला, तेव्हा त्याच्या दोन तारखांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिली उचलण्याचा मान थोरल्याचा. त्याला १८१४ सालचे फेब्रुवारीतले ते दिवस मिळाले, ज्या दिवसांत थेम्स नदी गोठली आणि लोकांनी बर्फावर जत्रा भरवली. धाकट्या अरविंदला वॉटर्लू मिळालं.

अरविंदला आनंद झाला. तो शाळेत इतिहास शिकवत असे. त्याची बायको सरोज मात्र त्या दिवशी जेवली नाही.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अठरा जूनला वॉटर्लूला पाऊस आणि चिखल होता. अठरा जूनला मोरघाटातही पाऊस आणि चिखलच असतो.

"अगं, नेपोलियन हरला त्या दिवशी," अरविंद दर वर्षी ओसरीत उभा राहून म्हणायचा. "हा साधा पाऊस नाही."

"हरू दे. कपडे वाळले का?"

खरं दुखणं वेगळंच होतं. रथसप्तमी कितीही लवकर येवो, मोरघाटात हळदीकुंकवाचे दिवस थेम्सचा बर्फ वितळेपर्यंत चालतात, आणि त्या बर्फाची मालकीण होती सरोजची थोरली जाऊ माणिक. तिचा हौद गोठे, अंगणावर काचेसारखा थर धरे. गावातल्या साऱ्या सवाष्णी शालूवर स्वेटर घालून तिथे यायच्या, एकमेकींना धरून घसरायच्या, आणि हसण्याचा आवाज भिंतीवरून सरोजच्या कोरड्या, उन्हाच्या अंगणात पडायचा. सरोजही हळदीकुंकू करायची. बायका यायच्या, वाण पदरात घ्यायच्या आणि विचारायच्या, "माणिकवहिनींचा बर्फ कधीपासून गं यंदा?" जणू तो मागेपुढे होणारा होता.

लग्न होऊन आली त्या वर्षापासून एकदा तरी आपलं अंगण भरावं, एवढंच तिला हवं होतं. एका जानेवारीत ती उठली आणि कॅन्टोन्मेंट कचेरीत गेली.

हवावाटपाचे हेडक्लार्क बारटक्के चष्मा पुसत होते.

"वॉटर्लू परत करायचंय," सरोज म्हणाली.

"कारण?"

"दिसत नाही."

बारटक्क्यांनी मान हलवली. "जूनमधल्या सगळ्या तारखांची हीच तक्रार आहे. बदली काय देऊ? नोव्हेंबरातलं मोठं वादळ आहे. कौलं आपल्या खर्चानं."

"हळदीकुंकवाच्या दिवसांतलं काही द्या. थंड पाहिजे."

त्यांनी बराच वेळ शोधलं. "तीस जानेवारी. पहिला चार्ल्स राजा. कडाक्याची थंडी, बाईसाहेब. थंडीनं अंग थरथरलं तर लोक म्हणतील राजा भ्याला, म्हणून बिचाऱ्यानं दोन सदरे घातले होते."

"बर्फ?"

"नदीत तुकडे होते. अंगणात दव गोठेल, एवढं सांगतो. त्या वेळी गर्दी मोठ्यानं हळहळली, पण आवाज हवामानात धरत नाहीत."

तीस जानेवारी म्हणजे माणिकच्या बर्फाच्या आधी. सरोजनं लगेच सही केली. तो राजा दोन सदरे घालून कुठे निघाला होता, हे तिनं विचारलं नाही. तिनं घरोघर जाऊन आमंत्रणं केली, चहाच्या गाळण्या वाण म्हणून आणल्या, आणि सगळ्यांना बजावलं, "शाली दोन आणा हं. आमच्याकडची थंडी जास्त आहे."

आदल्या दिवशी माणिक भिंतीपाशी आली.

"तीस तारीख घेतलीस म्हणे?"

"घेतली."

"आमच्या भावजींनी सांगितलं नाही तुला? इतिहासाचे मास्तर ना ते?"

"काय सांगायचं?"

"अगं, त्या दिवशी त्या राजाचं मुंडकं उडवलं," माणिक अगदी हळू आवाजात म्हणाली. "राणी विधवा झाली. आणि त्या हवेत तू सवाष्णींना कुंकू लावणार?"

हीच गोष्ट माणिकनं इतक्याच हळू आवाजात आणखी कितीतरी घरी सांगितली असणार. तीस तारखेला दुपारी सरोजच्या अंगणातलं गवत पांढरं झालं, जास्वंदीची पानं कडक झाली, तोंडातून वाफ येऊ लागली, आणि फाटकातून एकही सवाष्ण आत आली नाही. अरविंद दोन सदरे घालून ओसरीत उभा होता.

"तुम्हाला माहीत होतं?" सरोजनं विचारलं.

"राजाचं माहीत होतं. हळदीकुंकवाचं लक्षात नाही आलं."

सरोज कुंकवाची कोयरी हातात धरून फाटकाकडे बघत बसली. उन्हं कलली तेव्हा फाटक वाजलं. पोस्टातून निवृत्त झालेल्या आक्का गुप्ते आल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन फार वर्षं झाली होती. त्यांच्यामागे नर्स मेरूणकरबाई, त्यांच्यामागे पिठाच्या गिरणीवाली चंद्राबाई, आणि आणखी कितीतरी. प्रत्येकीनं दोन शाली घेतल्या होत्या.

"आमचाच दिवस, आणि आम्हाला आमंत्रण नाही होय गं?" आक्का म्हणाल्या.

सरोजचा हात कोयरीवर अडखळला.

"ती ठेव तिकडे. तिळगूळ दे. वाण काय लुटतेयस?"

"गाळण्या."

"बरं झालं. माझी फाटलीय."

त्या बसल्या, त्या उठेचनात. इतक्या वर्षांत त्यांना कुणी जानेवारीत बोलावलं नव्हतं. बोलायचं साचलेलं होतं. चंद्राबाईंनी आपले नवरोबा घोरायचे कसे ते करून दाखवलं. त्यावर मेरूणकरबाई इतक्या हसल्या, की त्यांची खुर्ची दवावरून घसरून थेट तुळशीपाशी गेली. मग सगळ्यांनाच घसरायचं होतं.

भिंतीपलीकडे ऊन होतं. माणिकचं डोकं वर आलं. तिनं एक हात इकडे घालून बोटं हलवून पाहिली.

"आहे गं थंडी बऱ्यापैकी," ती म्हणाली.

"आहे, जाऊबाई."

"आमच्याइतकी नाही."

"नाही."

मग माणिकनं विचारलं, "मी येऊ का?"

सरोजनं आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी शाल सावरली आणि माणिकला विचारलं,

"तुमचे आहेत ना अजून?"

"आहेत," माणिक म्हणाली. "पण ते झोपलेत."

"असं कसं चालेल? तुमचं ते बर्फाचं आहेच की."

माणिक खाली गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तिचं डोकं पुन्हा भिंतीवर दिसू लागलं. आता ती खुर्चीवर उभी होती. सरोजनं तिच्याकडे पाठ केली आणि कॉफी गाळायला घेतली. ती नजर मागून पाठीला लागत होती. इतक्या गारठ्यात ते फार बरं वाटत होतं.