तपकिरी शेवाळाची रजा

सोमवारी, तीन तारखेला सकाळी साडेदहा वाजता तपकिरी शेवाळाने वामनराव गावंड्यांच्या टाकीचा पदभार स्वीकारला. रुजू अहवाल दोन प्रतींत होता आणि दोन्ही प्रती जराशा ओलसर होत्या. वामनरावांनी पोच दिली, कारण पोच न देणं त्यांच्या हाताला येतच नव्हतं. अकोल्यातल्या एका कचेरीत चौतीस वर्षं ते आस्थापना शाखेत कारकून होते. लोकांच्या बदल्या, नेमणुका आणि रजा यांवर टिपण्या लिहिता लिहिता निवृत्त झाले. कागद आला की आधी तो घ्यायचा आणि मग घाबरायचं, अशी त्यांची पद्धत होती.

आदेशात वावगं काही नव्हतं. खाऱ्या पाण्याच्या प्रत्येक नव्या टाकीवर पहिले सहा आठवडे तपकिरी शेवाळाची नेमणूक होते, हे सगळ्यांना माहीत आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की टाकीच्या आस्थापनेवर दोघेच असतील, शेवाळ आणि टाकीमालक, आणि ते एकमेकांच्या रजेचे मंजुरी अधिकारी राहतील. वामनरावांनी त्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद फायलीला लावला.

पण त्यांच्यापाशी सहा आठवडे नव्हते. बावीस तारखेला त्यांच्या बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन नागपूरला ठरलं होतं. डॉक्टर सरळ माणूस होता. त्याने वामनरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की शंभरातले दहा-बारा जण यातून उठत नाहीत. तेव्हापासून वामनराव भात वाढून घेताना, कुलूप लावताना, अंगावर पाणी घेतानाही तो आकडा मनात घोळवत होते.

लग्न झालं तेव्हा त्यांनी पंचफुलाबाईंना समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. त्यासाठी चार वेळा रजा टाकली. एकदा निवडणूक आडवी आली, एकदा जनगणना, एकदा मार्चअखेर, आणि चौथ्या वेळी साहेबांनाच समुद्रावर जायचं होतं. निवृत्त झाले तोवर झडपेने दगा दिला आणि लांबचा प्रवास बंद झाला. मग वामनरावांनी समुद्रच घरी आणला. चार फूट लांबीची काचेची टाकी बायकोच्या पलंगासमोर मांडली. तीत खडक, पांढरी वाळू, तळहाताएवढं जांभळं मऊ प्रवाळ आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा. मासा दिवसभर खडकाच्या एकाच भोकापाशी उभा राही, म्हणून पंचफुलाबाईंनी त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं.

चार दिवस तो समुद्र निळा होता. मग तपकिरी शेवाळ रुजू झालं आणि कामाला लागलं. वाळू चहाच्या गाळासारखी झाली, खडक झाकला गेला आणि काचेवर तपकिरी थर धरला. वामनराव सकाळी काच खरवडून लख्ख करत, दुपारी ती पुन्हा भरलेली असे. शेवाळ मेहनती होतं, यात वाद नव्हता.

वामनरावांनी उपाय सोडला नाही. दिव्याचे तास निम्मे केले, पट्टेवाल्याचं खाणं कमी केलं, नळाचं पाणी बंद करून गाळलेलं पाणी आणलं. उन्हाळा चव्वेचाळीस अंशांवर होता, म्हणून बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडल्या. चार गोगलगाई चतुर्थ श्रेणीत नेमल्या. त्या काच चांगली चाटत, पण दुपारची जेवणाची सुट्टी घेत आणि ती संध्याकाळपर्यंत चाले. शेवाळाने या कशालाच हरकत घेतली नाही. पाच तारखेला त्याने एक अर्ज तेवढा दिला. वामनरावांनी तो वाचला, कोपऱ्यात नेहमीचा शेरा मारला आणि टाकीखालच्या खणात ठेवला. सात तारखेला दुसरा आला, दहाला तिसरा. त्यांचीही तशीच वासलात लावली.

दहा तारखेलाच प्रवाळ मिटलं. त्या दिवशी वामनरावांनी विभागीय शेवाळ कार्यालयाला फोन लावला आणि बदलीची विनंती केली.

"मुदतीआधी हलवता येईल," पलीकडून बोरकर नावाचे गृहस्थ म्हणाले. "पण पद रिक्त ठेवता येत नाही, गावंडेसाहेब. तपकिरी गेलं की त्या जागी हिरवं केसाळ शेवाळ येईल."

"अन् थे किती दिवस राहते?"

"त्याला मुदत नाही. ते बदलीच्या आदेशाला जुमानत नाही. आमच्याच कार्यालयातल्या टाकीत अकरा वर्षांपासून आहे."

वामनरावांनी विनंती मागे घेतली. तरी राहवेना म्हणून दुसऱ्या दिवशी तीन वेळा फोन करून तीच विनंती पुन्हा केली आणि पुन्हा मागे घेतली. पलंगावरून पंचफुलाबाई हे ऐकत होत्या. समोरची काच आता इतकी मळली होती की पट्टेवाला आहे की नाही, हे विचारावं लागत होतं.

बारा तारखेला दुपारी त्या म्हणाल्या, "अवो, हा वास कायचा येऊन राह्यला?"

"कोणता?"

"खारट. लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यावानी. पण लय मोठी बरणी असन."

वामनरावांना वास आला नाही. पंचफुलाबाई भिंतीला धरून उठल्या, चार पावलं चालल्या आणि टाकीखालचा खण उघडला. आत तीन ओले कागद होते. त्यांनी ते नाकाशी नेले आणि मग वाचले.

मजकूर तिन्ही कागदांवर एकच होता. माझे कुटुंब देवगडजवळच्या खडकावर राहते. अमावास्येच्या मोठ्या भरतीला सर्व जण एकत्र येतात. आई वयस्कर आहे. तरी तेरा ते वीस तारखेपर्यंत अर्जित रजा मिळावी, ही विनंती. तिन्ही कागदांच्या कोपऱ्यात वामनरावांचं वळणदार अक्षर होतं. 'कामाची निकड. नामंजूर.'

"काहून?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"निकड हाये म्हणून."

"कोणत्या कामाची?"

"टाकी झाकायच्या," वामनराव म्हणाले आणि मग ते वाक्य त्यांनी स्वतःच ऐकलं.

"परवापासून तुमी त्याले घालवायसाठी फोनावर फोन करून राह्यले. अन् थे सोताच जातो म्हणते, तं तुमी त्याले जाऊ देऊन नाही राह्यले."

"पहिल्या अर्जाले नाहीच म्हणतात. तशी पद्धत हाये."

"तुमाले चारी वेळा नाही म्हटलं. त्याच पद्धतीनं माहा समुद्र राह्यला."

त्या रागावल्या नव्हत्या, हेच वामनरावांना जास्त लागलं. चौतीस वर्षांत आपल्या टेबलावरून किती जणांचे समुद्र असे परत गेले असतील, हा विचार त्यांना पहिल्यांदाच आला, आणि तो त्यांनी घाईने बाजूला सारला, कारण पुढे दुसरी अडचण उभी होती.

"आठ दिवस पदभार कोणाकडं द्याचा? जागा रिकामी दिसली का हिरवं येईन."

"मले द्या."

"तू बिमार हायेस."

"पलंगावून टाकीकडं पाहत बसायचं. साहेब लोकं दुसरं काय करते?"

हे नियमात बसत होतं. वामनरावांनी अर्जाच्या कोपऱ्यातला शेरा खोडला आणि पेन टेकवलं. 'मंजूर' हा शब्द त्यांनी रजेच्या अर्जावर क्वचितच लिहिला होता, त्यामुळे जरा वेडावाकडा आला. अतिरिक्त कार्यभार श्रीमती पंचफुला गावंडे यांच्याकडे राहील, असंही लिहिलं.

"अजून लिहा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "येतानी समुद्र कसा हाये थे पाहून या, अन् मले सांगा."

वामनरावांनी ती अट म्हणून घातली.

तेरा तारखेला सकाळी शेवाळाने दोन प्रतींत पदभार सोपवला आणि काच वरून खाली मोकळी करत निघालं. बारापर्यंत वाळू पांढरी झाली. संध्याकाळी प्रवाळ उघडलं. पट्टेवाला भोकापाशीच उभा होता, फक्त बारीक झाला होता. पंचफुलाबाई आठ दिवस त्या निळ्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि वामनराव त्यांच्याकडे. लग्नानंतर इतका सुखाचा आठवडा वामनरावांनी पाहिला नव्हता, आणि तरी त्यांची झोप उडालीच होती.

"समुद्र असाच असते?" पंचफुलाबाईंनी एकदा विचारलं.

"असाच," वामनराव म्हणाले. त्यांनीही समुद्र पाहिला नव्हता, पण हे आता सांगायची वेळ नव्हती.

एकवीस तारखेला अकरा वाजता नागपूरची गाडी येणार होती. पहाटेपासून वामनराव टाकीपाशी येरझारा घालत होते. शेवाळ परतलं नाही तर काय? रजेवर गेलेला माणूस तार पाठवून रजा वाढवतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. कार्यभार असलेली बाई नागपूरला, मालक नागपूरला, टाकी रिकामी. परत येऊ तेव्हा हिरवं केसाळ ठाण मांडून बसलेलं असणार. परत येऊ तेव्हा, हे शब्द मनात आले आणि ते तिथेच अडकले. सव्वादहा वाजले. टाकीत काही नव्हतं.

साडेदहाला काचेच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी ठिपका उमटला.

"रुजू होत आहे," शेवाळ म्हणालं. "बसला गर्दी होती. उभं राहून यावं लागलं."

वामनरावांनी पोच दिली. पंचफुलाबाई नवं लुगडं नेसून पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या.

"पाह्यला?" त्यांनी विचारलं.

"पाहिला, बाई. समुद्र जागेवर आहे. अमावास्येला आम्ही सगळे खडकावर होतो. पाणी कुठे संपतं ते नीट बघून येणार होतो, पण मला ते दिसलं नाही. आईला विचारलं. तिलाही माहीत नाही."

"म्हणजे पलीकडून काच नाही."

"नाही. काच नाही."

पंचफुलाबाईंनी बराच वेळ मान हलवली. बाहेर गाडीने हॉर्न दिला.

वामनरावांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि थबकले. मग पिशवी खाली ठेवून परत आले, कोरा कागद घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. पत्नीच्या ऑपरेशनकरिता नागपूर येथे जाणे आहे, तरी वीस दिवसांची रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. बायकोसाठी टाकलेला हा त्यांचा पाचवा अर्ज होता, शेवाळाकडे मात्र पहिलाच. तो त्यांनी काचेला टेकवला आणि मान खाली घालून उभे राहिले. पहिल्या अर्जाचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

शेवाळाने अर्ज सावकाश वाचला. तपकिरी रंग काचेवर वीतभर पसरला. मग ओलसर कागद परत आला. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'मंजूर.' आणि खाली अट होती, 'परतताना दोघांनी रुजू व्हावे.'

वामनरावांनी दोन्ही प्रतींवर पोच दिली, एक प्रत सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बायकोचा हात धरून गाडीकडे निघाले. ऊन चव्वेचाळीस अंशांचं होतं. नागपूर येईपर्यंत तो खिसा वाळला नाही.