सवाल हुडकणारे मन्मथअप्पा

"सवाल चुकला! सवाल चुकला! बाबुराव, पळा!"

मी हातातला खडू टाकून खिडकीतून उडी मारायच्या बेतात होतो. चारठाण्याच्या आमच्या शाळेत एवढा गलका साप निघाला तरच व्हायचा. तेवढ्यात माझा वर्ग आणि शेजारचा वर्ग यांच्यामधला बांबूचा तट्ट्या फाडून मन्मथअप्पा आत आले. तट्ट्याला दार नव्हतं असं नाही. पण आनंद झाला की अप्पांना दार दिसायचं नाही. काखेत त्यांनी एक पोरगं दाबून धरलं होतं.

"बाबुराव, याला इचारलं, सात आठं किती. हे म्हनलं चौपन्न. आता तुमी सांगा, नऊ सक किती?"

"चौपन्न," मी म्हणालो.

"बघ रे वाघा! तुजा जवाब बरोबर हाय. सवाल माजाच चुकला!"

आणि पोराला खांद्यावर बसवून ते दुसरा तट्ट्या फाडत बाहेर गेले.

हे माझे शेजारी. त्यांचा आवाज असा, की गावातल्या जुन्या देवळांवरचे दगडी हत्ती अर्धा पाऊल मागं सरकलेत. पटत नसेल तर जाऊन बघा. त्यांचं म्हणणं एकच: जगात चुकीचा जवाब नसतोच. "त्याचा सवाल दुसरीकडं कुटंतरी भटकायलाय. तेवढा हुडकून आनायचा. मास्तरला पगार कशाचा मिळतो मग?"

एकदा एका पोरानं जवाब दिला, त्रेपन्न. त्रेपन्न कुठल्याच पाढ्यात बसेना. अप्पा वर्ग माझ्या गळ्यात टाकून सवाल हुडकायला गेले ते गेलेच. दोन वर्गांची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळायलीत आणि हे गावभर त्रेपन्नाचा सवाल विचारत फिरायलेत! न्हाव्याला विचारलं, त्यानं विचार करता करता पाटलांची अर्धी मिशी उतरवली. शेवटी कुंभारवाड्यात एक बाई नवऱ्यावर करवादत होती, "साठ गाडगी घातली भट्टीत, सात फोडलीस रे मुडद्या!" अप्पांनी धावत जाऊन त्या कुंभाराला कडकडून मिठी मारली. बिचाऱ्याला वाटलं, बायकोनं माणूस लावला मारायला. तो पार गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत पळाला.

रोग पसरत गेला. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा छडी उगारली की म्हणायची, "गुर्जी, आदी सवाल तपासून बघा." घरी मी म्हणालो, भाजी अळणी झाली, तर बायको म्हणाली, "भाजी बरोबर हाय. तुमची जीभ चुकली."

पण अप्पांच्या या विद्येला एक खोट होती. तिला जवाब लागायचा. आणि गुरवाचा शंभू जवाबच देत नव्हता.

शंभू महादेवाच्या पुजाऱ्याचा मुलगा. तिसरीत त्यानं मुळं धरली होती. घरी तो नंदीशी बोलतो, असं लोक सांगायचे. पण शाळेत त्याचे दात कुणी पाहिले नव्हते. चूकसुद्धा करायचा नाही. नुसता खांबाला टेकून खांबासारखा बसायचा. तट्ट्याच्या पलीकडून मला रोज अप्पांची काकुळत ऐकू यायची.

"चूक रे राजा! एकदा तरी चूक! बारक्यातली बारकी चूक दे मला, मी तिचं सोनं करतो!"

मी वैतागून ओरडायचो, "अप्पा, माझी पोरं बघा! मागाल तेवढ्या चुका नेऊन घाला त्याला!"

शंभूच्या बापानं शेवटचं सांगून टाकलं होतं. या साली मोहतमीम साहेबांनी, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या निजाम सरकारच्या अंमलदारानं, पोराला चौथीत घातलं तर ठीक. नाहीतर दप्तर बंद. "त्याच्या डोक्यात काई न्हाईच, अप्पा. कशाला हलवून बघता?"

साहेब आले. मी माझी ढ पोरं सकाळीच शेळ्यांमागं धाडली होती. अप्पांनी मात्र शंभूला पहिल्या रांगेत बसवलं! शेरवानी सावरत साहेबांनी नेमकं त्याच्याकडंच बोट केलं.

"पानिपत की लड़ाई में हार किसकी हुई?"

शंभूला उर्दूचा गंध नव्हता. पण हार? हार त्याच्या घरी रोज ओवले जायचे. तो उठला. तोंड उघडलं. मी तट्ट्याच्या भोकाला डोळा लावला.

"सोमवारी बेलाचा," शंभू खणखणीत म्हणाला, "येरवी झेंडूचा!"

सारी शाळा फुटली. मी धोतराचा सोगा तोंडात कोंबला. साहेबांचा शिपाई हसता हसता खाली बसला. शंभू इकडं तिकडं बघायला लागला, आणि त्याची मान हळूहळू खाली जायला लागली.

धाडकन मेजावर हात आपटला.

"हुजूर, सवाल चुकला!"

हसणं तिथंच मेलं. सरकारी अंमलदाराला असं आजवर त्याच्या बायकोनंही सांगितलं नसेल.

"जवाब दुरुस्त हाय, हुजूर. तुमचा हार म्हंजी हरनं, आमचा हार म्हंजी गळ्यातला." अप्पा वळले. "शंभूराव, पानपतात हरलं कोन?"

"आमीच की," शंभू म्हणाला.

साहेब तसे न्यायाचे. "लड़का पास," म्हणाले. पण कान लाल झाले होते. "मगर मास्टर, पूरी जमात के सामने कहिए: सवाल सही था, जवाब ग़लत. कहिए, बात ख़त्म. वरना पालम की तरफ़ तबादला."

पालमला बदली म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. आणि चारठाण्यात अप्पांची अक्का होती, थोरली बहीण, डोळ्यांनी अधू. दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही. तिच्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करून करून अप्पांनी ही शाळा मिळवलेली. रोज सकाळी हाताला धरून तिला देवळात न्यायचे. मी भोकातून हात घालून खुणा करायला लागलो: म्हणा, म्हणून टाका!

अप्पांनी साहेबांकडं बघितलं. मग शंभूकडं. तो मान वर करून उभा होता.

"हुजूर, सवाल चुकला," अप्पा म्हणाले. इतक्या हळू, की मला भोकाला कान लावावा लागला.

हुकूम यायला वेळ लागला नाही. मी अक्काच्या घरी पोचलो तेव्हा अप्पा वळकटी बांधायले होते. अक्का भिंतीला टेकून पदराचं टोक चाचपत बसली होती. अक्का पालमला यायला तयार नाही, ही ओसरी हाताला ओळखीची हाय म्हणते, असं अप्पांनी सांगितलं आणि माझा तोल गेला.

"एक वाक्य होतं, अप्पा! एक! साहेब उंबऱ्याबाहेर गेला की विसरला असता. पोरगं तर पास झालंच होतं! मग काय अडलं होतं तुमचं? आता या म्हातारीला देवळात कोण नेणार, मी?"

अप्पांनी गुडघा देऊन गाठ आवळली.

"शंभू समोर उभा होता," ते म्हणाले.