जपानी शिट्टी

उद्धवराव देशपांडे यांना आयुष्यात काहीही आवडलं नव्हतं, आणि याच एका गुणावर ते अकोल्याच्या नादरसिक मंडळाचे सलग अकरा वर्षं अध्यक्ष होते. वकिलीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ मैफलीत पहिल्या रांगेत बसत, उजवा हात कानामागे धरत आणि नाक असं काही मुरडत, की बाहेरगावच्या गवयाचा आवाज तिथल्या तिथे बसावा. गावात त्यांना कानसेन म्हणत. हा कानच गेल्या वर्षापासून दगा देऊ लागला होता.

मागच्या महिन्यात तर कहर झाला. गायिकेने भैरवी संपवून तंबोरा खाली ठेवला आणि उद्धवराव म्हणाले, "हं, करा सुरू." सभागृहाला वाटलं, अध्यक्षांनी बाईंचं अख्खं गाणं दोन शब्दांत निकालात काढलं. टाळ्या पडल्या. उपाध्यक्ष किसनरावांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा अध्यक्षाच्या खुर्चीवर डोळा होता, आणि ही खुर्ची रिकामी कशी होईल याचा त्यांना आता सुगावा लागला होता. चार ठिकाणी ते बोलून आले, "मंडळ ऐकणाऱ्यांचं हाय, आन् अध्यक्षाले ऐकू येत नाई."

शेवटी रमाबाईंनी नवऱ्याला कानाचं मशीन घ्यायला लावलं. अकोल्यात घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, म्हणून उद्धवराव लग्नाचं निमित्त सांगून एसटीने अमरावतीला गेले. दुकानातल्या बाईंनी अर्धा तास वापरायची पद्धत समजावून सांगितली. तेवढा वेळ उद्धवराव बाईंच्या बोलण्यातल्या चुका काढत होते. मशीन मात्र नामी होतं. हरभऱ्याएवढं, कानात आत बसणारं, कुणाच्या बापाला दिसणार नाही असं.

पुढच्या रविवारी सकाळी मंडळाचं श्रवणसत्र होतं. पुण्याच्या कंपनीचं काम अकोल्यात घरी बसून करणाऱ्या सौमित्रने एक जपानी अल्बम आणला होता. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक पॉप असा त्याचा प्रकार त्याने सांगितला, आणि हा ऐकल्यावर संगीताकडे पाहायची दृष्टीच बदलते, असंही वर सांगितलं. किसनरावांनी या अल्बमला सगळ्यांआधी अनुमोदन दिलं होतं. ज्यात राग नाही, सम नाही, कळेल असा एक शब्द नाही, तिथे अध्यक्ष बोलतील काय, आणि बोलले तर सापडतील कसे नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. उद्धवरावही खूश होते. इतकी तुच्छ वस्तू कित्येक महिन्यांत त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

सौमित्रने स्पीकर लावला. आधी एक दारावरची घंटा वाजली, बराच वेळ कुणी दारच उघडेना. मग कुणाच्या तरी हातून ताटं पडली. मग एक जपानी बाई गाऊ लागली, पण तिचा आवाज कोथिंबिरीसारखा बारीक चिरून ठेवला होता, आणि चिमूट चिमूट करून तो मधेमधे पेरत होते. तीस रसिक घरच्या मयतीला बसावं तसे गंभीर चेहरे करून बसले होते. उद्धवरावांनी सवयीने उजवा हात कानामागे नेला. त्याबरोबर एक बारीक, लांब शिट्टी सुरू झाली. ती सगळ्यांनी ऐकली. काहींनी माना डोलावल्या.

विवेचनात उद्धवरावांनी अल्बमची सालटी काढली. "बाकी कचरा समजू शकतो मी," ते म्हणाले, "पन् ती शिट्टी? कुकरले तरी तीन शिट्ट्यांनंतर थांबायची अक्कल असते."

सौमित्रने इथे मोठी चूक केली. त्याने शिट्टीची बाजू घेतली. ती शिट्टी म्हणजेच अल्बमचा गाभा आहे, महानगरातल्या माणसाच्या एकटेपणाचा तो सूर आहे, तिच्यावर तिकडे फार लिहून आलंय, असं तो पाच मिनिटं बोलला. खरं तर त्याने अल्बमची पहिली चार मिनिटंच ऐकली होती.

हे ऐकून किसनराव म्हणाले की इतकी महत्त्वाची गोष्ट असेल तर पुन्हा ऐकू. पुन्हा लावलं. घंटा वाजली, ताटं पडली, बाई चिरली गेली. उद्धवरावांच्या हातात या वेळी चहाचा कप होता. शिट्टी आली नाही.

"गाण्यात नाई," किसनराव म्हणाले, "म्हंजे खोलीत हाय."

उद्धवरावांनी कप खाली ठेवला. अमरावतीच्या बाईंचं एक वाक्य त्यांना आत्ता कुठे ऐकू आलं. कानाजवळ हात नेऊ नका काका, मशीन शिट्टी मारतं. किसनराव आता पंखा, खिडकी, चहाची किटली तपासत होते, आणि त्या वाटेने ते पहिल्या रांगेपर्यंत यायला फार वेळ लागणार नव्हता. उद्धवरावांना अकरा वर्षांत पहिल्यांदा घाम फुटला.

त्यांना वाचवलं सौमित्रने, कारण त्याला स्वतःला वाचवायचं होतं. "ती दरवेळी येत नाही काका," तो म्हणाला. "तोच तर प्रयोग आहे."

गाणं अजून चालूच होतं. उद्धवरावांनी केस सारखे करायचं निमित्त करून हळूच कानाजवळ हात नेला. शिट्टी आली. सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. कुणीतरी "वा" म्हटलं. किसनरावांना ते पटलं नाही. तिसऱ्यांदा लावा, म्हणाले, आणि स्वतःची खुर्ची उचलून अगदी स्पीकरला चिकटून बसले. उद्धवरावांनी उजवा हात मांडीखाली दाबला आणि वर स्वतः घट्ट बसले. आता शिट्टी येणार नव्हती, आणि न येण्याची सोय सौमित्रने करून ठेवलीच होती.

शिट्टी आली. पहिल्यापेक्षा मोठी, चांगली खणखणीत.

उद्धवरावांनी मांडीखालचा हात चाचपला. तो जागेवर होता. मग त्यांनी स्पीकरकडे पाहिलं. किसनराव पुढे वाकून, डोळे बारीक करून, डावा पंजा कानावर धरून मन लावून ऐकत होते. आपल्याकडे कुणी बघतंय हे जाणवताच त्यांनी हात खाली घेतला. शिट्टी थांबली. लोक सौमित्रसाठी टाळ्या वाजवत होते. टाळ्यांच्या या आवाजात दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"काय किसनराव," उद्धवरावांनी उलटतपासणीच्या आवाजात सर्वांदेखत विचारलं, "कुठून आली शिट्टी?"

किसनरावांनी डावा हात खिशात घातला. "गाण्यातूनच हाय," ते म्हणाले. "साफ गाण्यातून."

मग त्यांनी उभं राहून पुढच्या वर्षासाठीही उद्धवरावांचंच नाव सुचवलं, आणि ते एकमताने मंजूर झालं. सभा सुटल्यावर जिन्यात चपला घालताना दोघेच मागे राहिले. किसनरावांनी खाली बघतच विचारलं, "तुमी कुठून घेतलं?"

"अमरावती."

"मी नागपुरातून. महागाचं हाय."

उद्धवरावांनी नाक मुरडलं.

"बदलून घ्या," ते म्हणाले. "अर्ध्या सुरानं उतरली होती तुमची."