परत येणारा नारळ

काशीनाथच्या मते जगात अवघड असं काही नव्हतं. माणसं उगाच विचार करत बसतात, एवढंच. म्हणून नारळी पौर्णिमेच्या सकाळी बायकोने ट्रंक भरायला घेतली, तेव्हा तो नुसता हसला.

"या निजामाच्या मोगलाईत समुद्रच नाही," सुमंगला म्हणाली. "सण झाला की बाबांचं गलबत पाण्यात उतरणार. दर्याला नारळ दिल्याशिवाय मी कशी राहू? मी आपली माहेरी, हर्णैला जाते. कायमची."

"गोदावरी शेवटी कुठे जाते?"

"कुठे?"

"समुद्रात! इथे सोडला काय, तिथे सोडला काय. नारळ पोचला नाही, तर मी स्वतः तुला माहेरच्या गाडीत बसवून देईन."

गंगाखेड स्टेशनचा पार्सल क्लार्क काशीनाथ स्वतः हे सांगत होता. शंका कोण घेणार?

नारळ रवाना

हर्णैहून जपून आणलेला एकुलता एक नारळ. त्याला सोनेरी कागद लावून सुमंगलाने घाटावर पूजा केली. श्रावणातली गोदावरी फुगलेली, गढूळ, भांडायला उभी राहिल्यासारखी. काशीनाथने ऐटीत नारळ सोडला. सुमंगलाने डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले, तर नारळ पायाशी! शेजारी ओलागच्च मुंजाजी भोई, कमरेला पोहायचे सुके भोपळे.

"निसटला व्हय, बाबू? फिकर नका करू. आमी हाव की इथं."

नारळ पुन्हा रवाना

या वेळी काशीनाथने तो लांब भिरकावला. सगळ्यांना दिसेल असा, म्हणजे गैरसमजाला जागा नको. मुंजाजीसोबत त्याच्या जावयानेही उडी टाकली. धुणं सोडून बायका उभ्या राहिल्या आणि दिशा सांगू लागल्या. नारळ परत.

"बाबूचा हात लय निसरडा हाय," मुंजाजी आपल्या बायकोला, बायनाबाईला, हळहळत म्हणाला.

"अहो, पडला नाही, दिलाय!" काशीनाथ म्हणाला. "आमच्याकडे पाण्याला नारळ देतात."

"गंगेला दिलाय? मंग आदी सांगायचं की."

मुंजाजीचा चेहरा उजळला. गोदावरी म्हणजे इथली गंगाच; गंगेला नारळ कसा द्यायचा, हे त्याला कोण शिकवणार? त्याने तो घाटाच्या दगडावर आपटला, पाणी गंगेला, एक तुकडा गंगेला, बाकी प्रसाद. काशीनाथच्या हातातही तुकडा पडला आणि नको म्हणायच्या आत तोंडात गेला. खोबरं गोड होतं.

"ट्रंकेला कुलूप तेवढं लावायचं राहिलंय," सुमंगला म्हणाली.

नारळच नारळ

"काय झालं ग माय?" बायनाबाईने विचारलं. सुमंगलाने दर्याचं, गलबताचं, बाबांचं सगळं सांगितलं. बायनाबाईचं चावणं थांबलं.

"लेकीचा बाप पाण्यात जायलाय, अन् आपुन त्याचा नारळ खाऊन बसलाव?" ती नवऱ्याकडे वळली. "बघायलाव काय? चला घरला."

थोड्या वेळात घाटावर नारळांचा बाजार भरला. कुणाचा ओटीतला, कुणाचा कलशावरचा, एक तर इतका म्हातारा की हलवला की खुळखुळे. काशीनाथ हुकूम सोडू लागला, जणू हे सगळं त्याने आधीच ठरवलं होतं. मुंजाजीने जावयाचा दंड घट्ट धरला, सवयीने उडी मारेल म्हणून. नारळ डुलत डुलत निघाले, वऱ्हाड निघाल्यासारखे. गंगाखेडला आल्यापासून सुमंगला पहिल्यांदा हसली.

"पाहिलंस?" काशीनाथ म्हणाला. "थेट हर्णै."

"हर्णै?" स्नानाला आलेले भूगोलाचे मास्तर दिनकरराव पायरीवर थांबले. "गोदावरी पूर्वेला वाहते, काशीनाथराव. हे सगळे मद्रासकडच्या समुद्राला जाणार. तुमचा समुद्र पार पाठीमागे राहिला."

मुंजाजीने गुपचूप भोपळे बांधायला घेतले.

"समदे परत आणू का, बाबू?"

"राहू द्या," सुमंगला म्हणाली. "तिकडेही कुणाचे तरी बाबा पाण्यात असतील."

मग काशीनाथने घसा खाकरला. शब्द म्हणजे शब्द. "नारळ पोचला नाही. उद्या तुला माहेरच्या गाडीत बसवून देतो."

सुमंगलाने त्याच्याकडे पाहिलं, मग पूर्वेकडे निघालेल्या नारळांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही बसवून दिलेली गाडी कुठे पोचेल, काही सांगता येत नाही."